चहाची रेघ

बुटाची नाडी बांधताना कुणाला धाप लागल्याचं ऐकलंय कधी? वेणू भांगरेला लागली. एका बुटाची गाठ मारून झाली आणि दुसऱ्या बुटाकडे वळायच्या आत ती मटकन दगडावर बसली. छातीत नुसती धडधड चालली होती.

आता वेणू म्हणजे काही लेचीपेची मुलगी नव्हे हं. कळसूबाईच्या पायथ्याची पोर ती! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर तिच्या घराच्या अंगणातून दिसायचं. नवरात्रात देवीला निघाली की कुठेही बूड न टेकता वर. शहरातून आलेले दादा आणि ताया लोखंडी शिड्यांवर ‘आई गं, आई गं’ करत असायचे, तेव्हा ही त्यांना वाकुल्या दाखवत पुढे निघून गेलेली असायची. अशा मुलीने बुटाच्या नाडीपुढे हात टेकावेत?

“आजोबा, माझ्या छातीला झालंय तरी काय?” तिने विचारलं.

“छातीला काही नाही झालं. हवेला झालंय,” आजोबा म्हणाले.

ही गोष्ट घडली तेव्हा उडत्या बस नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आताच्या मुलांना त्यांचं काही कौतुक नाही, पण तेव्हा बस दिसली की माणसं हातातलं काम टाकून वर बघायची. विजेवर चालायच्या त्या, आणि आत बसलं की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखा आवाज. लेहहून अशाच एका बसने आजोबा, वेणू आणि त्यांचा यंत्रमानव भिडू असे तिघे तारथांगला उतरले होते. तारथांग म्हणजे लडाखमधलं एक उघडंबोडकं पठार. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांहून उंच. झाड नाही, झुडूप नाही, पण आकाश इतकं स्वच्छ की तिथे वेधशाळा (ताऱ्यांचा अभ्यास करण्याची जागा) बांधलेली होती.

वेणूचे आजोबा, डॉ. निवृत्ती भांगरे, यांचं अख्खं तारुण्य तिथे गेलं. तिथली मोठी दुर्बीण त्यांनी स्वतः उभी केली होती. वेणूची इंदूआजी तिथेच डॉक्टर होती. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. आणि आता दुर्बीणही जायची होती. हिच्याहून कितीतरी मोठी दुर्बीण चंद्राच्या पलीकडच्या बाजूला बसवली गेली होती, मग हिला कोण विचारतो? उद्या रात्री तिचं शेवटचं निरीक्षण होतं आणि परवापासून आरसा उतरवायला सुरुवात. त्या शेवटच्या रात्रीचं आजोबांना खास बोलावणं आलं होतं. “एकदाच, शेवटचं, त्या दुर्बिणीतून बघायचंय गं,” हा त्यांचा घरात महिनाभर जप चालला होता. वेणूची आई शेवटी कंटाळून म्हणाली, “जा बाबा, आणि हिलाही घेऊन जा.”

“हवेला काय झालंय?” वेणूने दम खात विचारलं.

आजोबांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. “आपल्या घरी गोधड्यांची चवड असते ना? तळातली गोधडी कशी असते?”

“चेपलेली. पापडासारखी.”

“आणि सगळ्यात वरची?”

“फुगलेली. तिच्यावर कुणाचं ओझंच नसतं.”

“हवेचं तसंच. आपण हवेच्या चवडीच्या तळाशी राहतो. वरच्या सगळ्या हवेचं ओझं आपल्या हवेवर, म्हणून ती दाबून भरलेली. त्या ओझ्याला म्हणायचं हवेचा दाब. जितकं उंच जावं तितकं वरचं ओझं कमी, आणि हवा विरळ (पसरलेली, पातळ). आता हा चिवडा बघ.” त्यांनी मूठभर चिवडा तिच्या हातावर ठेवला. “यात शेंगदाणे किती?”

“अंदाजे पाचवा हिस्सा असतील.”

“हवेतही प्राणवायू जवळजवळ पाचवा हिस्साच असतो. खाली तेवढाच आणि इथेही तेवढाच. लोकांना वाटतं, उंचावर हवेतला प्राणवायूच कुणीतरी काढून घेतो. तसं काही नाही. वाटा तोच, पण मूठ लहान!” त्यांनी तिच्या हातावरचा निम्मा चिवडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. “घे. आता शेंगदाणे किती?”

“निम्मेच राहिले की!”

“इथे एका श्वासात घरच्या निम्म्याहून थोडीच जास्त हवा येते, म्हणून प्राणवायूही तेवढाच. मग शरीर काय करतं? भराभर मुठी भरतं. श्वास वाढतो, छाती धडधडते. घाबरायचं काही कारण नाही, ते त्याचं काम करतंय.”

वेणूला हे पटलं. पण ती कसली गप्प बसतेय! “मग दिल्लीहून येताना आपलं विमान याच्या दुप्पट उंचीवरून उडत होतं. तिथे मला धाप नाही लागली.”

आजोबांनी मांडीवर थाप मारली. “शाब्बास! विमानाचं पोट बंद डब्यासारखं असतं. बाहेरची विरळ हवा यंत्राने दाबून आत भरतात. आत तुला वाटत होतं त्याहून जास्त उंचीची हवा होती बरं का, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडी विरळ. पण तेवढी माणसाला चालते. बसलेल्या माणसाला तर कळतही नाही. आपली ही छोटी उडती बस मात्र तशी बंद नाही, म्हणून बसच्या चालकाच्या नाकाला प्राणवायूची नळी होती.”

“क्षमस्व, पण मी एक निवेदन करू इच्छितो,” भिडू मधेच बोलला. भिडू हा पाण्याच्या पिंपाएवढा यंत्रमानव. उंच जागी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने असा एक सोबती नेलाच पाहिजे असा तेव्हा नियम होता. मराठी त्याला कुणी शिकवली देव जाणे, पण तो सतत सत्कारसमारंभात असल्यासारखा बोलायचा. “लेह येथे आपण पुरेशी विश्रांती घेतलेली नाही. मी आक्षेप नोंदवला होता.”

आजोबांनी नजर चुकवली. भिडूचं बरोबरच होतं. लेहला चांगले चार दिवस विश्रांती घ्यायचं ठरलं होतं. उंचीच्या हवेची शरीराला हळूहळू सवय होते, तिला अनुकूलन म्हणतात. श्वास आपोआप खोल होतो, आणि पुढे काही आठवड्यांत रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीही वाढतात. पण दिल्लीला ढगांमुळे विमानं अडकली आणि विश्रांतीचे दिवस तिथेच विमानतळावर संपले. लेहला एक मुक्काम झाला न झाला तोच आजोबा तारीख बघून कासावीस व्हायला लागले. तेव्हा वेणूनेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, “मी कळसूबाईची आहे, मला काय होतंय!” आणि आजोबांना तेवढंच ऐकायचं होतं. त्यांनी लगेच बसची तिकिटं काढली.

संध्याकाळी वेणूचं डोकं दुखायला लागलं. आधी कपाळ, मग सगळंच. जेवणाचा वास आला तशी पोटात ढवळलं. समोर आजोबा मात्र वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसत होते. वेधशाळेच्या प्रमुख डॉ. चोरोल त्यांना प्रत्येक खोली दाखवत होत्या. चोरोल तिथल्याच, लडाखी, पण पुण्यात शिकलेल्या, त्यामुळे मराठी फर्डी. आजोबा भिंतींना हात लावून बघत होते. “इथे इंदूचा दवाखाना. इथे ती मला रागवायची,” असं म्हणून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते.

भिडूने वेणूच्या बोटाला चिमटा लावला. लाल प्रकाश बोटातून आरपार गेला आणि रक्तातला प्राणवायू मोजला गेला. “आकडा कमी आहे, पण या उंचीवर बहुतेकांचा असतोच. केवळ आकड्यावरून निदान होत नाही. मस्तकशूळ आहे का?”

“म्हणजे?”

“डोके दुखते का?”

वेणूने अंधुक उजेडात दिसणाऱ्या दुर्बिणीच्या घुमटाकडे पाहिलं. ‘हो’ म्हटलं की काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपल्याला खाली नेणार, आणि आजोबांचं महिनाभराचं स्वप्न मातीत जाणार.

“नाही,” ती म्हणाली.

“मळमळ?”

“नाही म्हटलं ना!”

“आभारी आहे,” भिडू म्हणाला. बिचाऱ्याला खोटं ओळखायला कुणी शिकवलंच नव्हतं.

रात्र तिने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. दोनदा गुपचूप उठून ओकली. सकाळी मात्र तोंडावर पाणी मारून हसत बाहेर आली. स्वयंपाकघरासमोर सगळे जमले होते. जमिनीवर एक लांब पांढरी रेघ आखलेली होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला मोठी चहाची किटली. एकेक जण रेघेवरून चालत होता, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना टेकवत, अगदी चिकटून. पलीकडे पोचला की चहाचा पेला हातात.

“ही तुझ्या आजीची रेघ,” आजोबा कौतुकाने म्हणाले. “रेघ चालल्याशिवाय चहा नाही! मोठा शास्त्रज्ञ असो नाही तर ट्रकचा चालक, सगळ्यांना सारखा नियम. एकदा दिल्लीहून मोठे साहेब आले होते, ते म्हणाले, ‘मी कशाला चालू?’ इंदूने त्यांचा पेला सरळ किटलीत परत ओतला.”

“आजही रोज चालतो आम्ही,” चोरोल म्हणाल्या. “चल वेणू, तुझा नंबर.”

हे काय अवघड आहे! वेणूने पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला रेघ हलली. निदान तिला तरी तसंच वाटलं. तिने हात पसरले, पुन्हा पाऊल उचललं आणि तोल जाऊन ती कडेला झुकली. बांधावरून धावणारी, शिडीवरून एका हाताने उतरणारी वेणू, आणि तिला सपाट जमिनीवर सरळ चालता येईना. चोरोलनी धावत येऊन तिला धरलं.

“डोकं दुखतंय?” आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बदलला होता.

वेणूला रडूच फुटलं. “कालपासून. पण मी ठीक आहे आजोबा! आजचा दिवसच तर काढायचाय. मी झोपून राहते, तुम्ही रात्री बघा ना दुर्बिणीतून!”

आजोबा तिच्यापुढे खाली बसले. “ऐक बाळा. डोकं नुसतं दुखत असतं तर थांबून बघितलं असतं. पण तोल जातोय. प्राणवायू कमी पडला की कधीकधी मेंदूला सूज येते. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो आपला तोल सांभाळतो. सूज आली की तो लवकर गडबडतो. म्हणून तर इंदूने ही रेघ आखली होती. माणसं दुखणं लपवतात हे तिला पक्कं माहीत होतं. यावर उपाय एकच, ताबडतोब खाली जायचं. खाली पुन्हा मूठ मोठी होते.”

चोरोलनी वेणूच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली, तोंडात गोळी दिली आणि बस मागवली. मग आजोबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, बस एकच फेरी करील. दुपारनंतर वारा सुटला की ती परत वर येऊ शकत नाही, आणि रस्त्याने आज रात्रीच्या आत परत पोचणं अशक्य. भिडू वेणूला लेहच्या दवाखान्यात व्यवस्थित पोचवील. ते त्याचं कामच आहे. तुम्ही थांबलात तरी...”

“मी प्रशिक्षित आहे,” भिडू म्हणाला. “आपल्या नातीला मी सुखरूप पोचवीन.”

नाकाला नळी असतानाच वेणूने ओरडून सांगितलं, “थांबा ना आजोबा! मी जाते भिडूबरोबर!”

आजोबांनी घुमटाकडे पाहिलं. ऊन पडून तो चकाकत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कोट उचलला आणि बसच्या दिशेने चालायला लागले.

“आजारी माणूस इथून खाली एकटा जात नाही,” ते म्हणाले. “हाही इंदूचाच नियम होता. आणि भिडू, तुझ्यावर माझा विश्वास आहे हो. पण घाबरल्यावर हिला माझा हात लागतो.”

बस दरीत उतरत गेली तसं वेणूचं डोकं हलकं होत गेलं. लेहला पोचल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “वेळेवर आणलंत. रात्रीपर्यंत थांबला असतात तर मोठं संकट होतं.” आजोबा खुर्चीवर बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी वेणू पलंगावर उठून बसली. वर तारथांगला आता सगळे जमत असतील हे दोघांनाही माहीत होतं.

“वाईट वाटतंय ना तुम्हाला?” तिने हळूच विचारलं.

“वाटतंय तर! खोटं कशाला सांगू? खूप वाईट वाटतंय,” आजोबा म्हणाले. “पण चूक तुझी एकटीची नाही. तुला डोंगर चढायची सवय आहे. म्हणजे पाय दणकट, दम चांगला. पण विरळ हवेची सवय ही वेगळीच गोष्ट आहे. ती दणकट माणसालाही हळूहळूच होते, आणि कुणाला त्रास होईल, कुणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. मला नाही झाला, ते माझं नशीब. एवढं सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी दुर्बिणीच्या ओढीने मी तुला घाईने वर नेलं. आजी असती तर माझाही पेला किटलीत गेला असता.”

वेणूला हसू आलं आणि रडूही. “मग हळूहळू गेलो तर मला वर जाता येईल?”

“येईल. पण तिथे आता काय आहे? चार दिवसांत सगळं उतरवतील.”

“तुम्ही राहिलात ती जागा तर आहे ना?”

आजोबांनी घरी फोन करून मुक्काम वाढवला.

मे महिन्याची सुट्टी लांबलचक होती, हे बरं झालं. डॉक्टरांनी वेणूला भरपूर दिवस लेहमध्येच अडकवून ठेवलं. मग ‘आता जा, पण गोगलगाय होऊन जा’ असं बजावून परवानगी दिली. या वेळी बसचं नाव नको म्हणून ते मोटारीने निघाले. वाटेतल्या गावांत मुक्काम करत करत, तारथांगच्या खालच्या छुमिक गावात येऊन राहिले. रोज थोडं वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं. भिडू रोज विचारायचा आणि वेणू रोज खरं सांगायची. एकदा तर तिने उत्साहाने गुडघा खरचटल्याचंही सांगितलं.

छुमिकहून वर जाणारी एक पायवाट होती. त्या वाटेने शेवटी एके सकाळी तिघे निघाले. वाट दाखवायला चोरोलनी गावातली एक म्हातारी बरोबर दिली होती. वळणावर एक सपाट दगड आला. वेणू त्यावर बसली, खोल श्वास घेतले, उठली. थोडं पुढे तसाच दुसरा दगड. मग तिसरा. कुणीतरी मुद्दाम मांडल्यासारखे, बरोबर दम लागेल तिथेच!

म्हातारी लडाखीत काहीतरी म्हणाली आणि भिडूने भाषांतर केलं. “या म्हणतात, हे अमचीचे दगड आहेत. अमची म्हणजे वैद्य. वेधशाळेतील वैद्यबाई दर आठवड्याला गावातील रुग्णांना पाहण्यास पायी खाली येत आणि पायीच वर जात. त्यांनी गावकऱ्यांकडून हे दगड बसवून घेतले. प्रत्येक दगडावर बसून वीस श्वास घेतल्याशिवाय त्या कुणालाही पुढे जाऊ देत नसत.”

आजोबा जागच्या जागी थांबले.

“मला नव्हतं माहीत,” ते म्हणाले. “मी नेहमी जीपने जायचो. रात्रभर दुर्बीण, दिवसा झोप. इंदू चालत जाते एवढं माहीत होतं. कुठून जाते, कशी जाते... मी एकदाही आलो नाही गं तिच्याबरोबर.”

पुढे वेणूने त्यांचा हात धरला. वर पठारावर पोचले तेव्हा ऊन छान पडलं होतं. घुमट नव्हता. आरसा नव्हता. जमिनीवर सिमेंटचं मोठं गोल वर्तुळ तेवढं उरलं होतं आणि काही माणसं नव्या इमारतीसाठी खुणा करत होती. चंद्रावरच्या घरांत राहायला जाणाऱ्यांना विरळ हवेचा सराव देणारी शाळा तिथे होणार होती.

“चंद्रावरच्या घरांत हवा आपल्यालाच भरावी लागणार ना?” वेणूने विचारलं. “मग ती किती दाबून भरायची, ते कोण ठरवणार?”

“तुझ्यासारखंच कुणीतरी,” आजोबा म्हणाले. “आणि कमी दाबाची भरली तर माणसांना सवयही हळूहळूच लावावी लागेल. तिथेही घाई करणारे म्हातारे असतीलच.”

आजोबा त्या वर्तुळाभोवती एक फेरी मारून आले. वेणूला वाटलं होतं, ते तिथे खूप वेळ थांबतील. पण ते लगेच वळले आणि म्हणाले, “चल, उतरू.”

“एवढ्यात?”

“जाताना बसायचंय ना सगळ्यांवर.”

उतरताना कुणाला दम लागत नाही. तरी आजोबा प्रत्येक दगडावर बसले. शेवटच्या दगडावर तर इतका वेळ बसले की भिडूने पुढे होऊन त्यांच्या बोटाला चिमटा लावला.

“प्राणवायू उत्तम. श्वास संथ. आपण निघू शकतो,” तो म्हणाला.

“थांब रे,” आजोबा म्हणाले. “अजून वीस झाले नाहीत.”

वेणूने सरकून त्यांच्या शेजारी जागा केली आणि तीही बसली.